लाल शाईचा धनी

आमच्या गावचं गणपतीतलं नाटक कुणा एकाने लिहिलेलं नव्हतं. ते एका दोनशेपानी वहीत होतं, आणि वही ज्याच्या घरी मुक्कामाला जाई तो तिच्यात आपलं काहीतरी घुसवून परत पाठवी. शिंपीबुवांची साधी पेन्सिल, दवाखान्यातल्या कंपाउंडरची जांभळी, हेडमास्तरांची लाल शाई. एक जण 'मले' लिही, दुसरा खोडून 'मला' करी, तिसरा पुन्हा 'मले'. या भांडणात एका पानाला भोकच पडलं होतं.

त्या वर्षी तालमीत दुसऱ्या अंकात मेलेले काका तिसऱ्या अंकात पाणी मागू लागले. कुणीतरी त्यांचं मरण खोडून पुढच्या अंकात त्यांना संवाद दिले होते, आणि दुसऱ्या कुणीतरी ते मरण परत लिहिलं होतं. कंपाउंडर वैतागले. "कोनं खोडलं, काऊन खोडलं, कोनालेच ठाव नाई," म्हणाले. दवाखान्यात जुना कागद तसाच ठेवून वर नवी चिठ्ठी टाचतात, तीच पद्धत त्यांनी नाटकाला लावली. डोणगावच्या बाजारातून कोरी वही आली. तिच्यात नाटक स्वच्छ उतरवायचं आणि मग तिला कुणी पेन लावायचा नाही. बदल हवा असेल तर चिठ्ठी द्यायची: पान, ओळ, कारण आणि खाली सही. जुन्या दुरुस्त्यांनाही धनी हवा. ज्या दुरुस्तीला धनी मिळणार नाही, ती गाळायची.

वहीतली लाल शाई हेडमास्तरांची नव्हतीच. ती माझी होती.

दोन-तीन वर्षांपूर्वी मी शाळेत नवा मास्तर म्हणून आलो होतो. निळ्या शाईतल्या माझ्या ओळी लोक बिनदिक्कत खोडत. म्हणून एकदा मी हेडमास्तरांची दौत उचलली आणि त्यांच्याच वळणाने एक ओळ लिहिली. त्यांच्या सूचना मीच लिहून काढायचो, त्यामुळे हात बसलेला होता. त्या ओळीला कुणी हात लावला नाही. मग मला चटकच लागली. दोन वर्षांत सगळ्यात जास्त हशा लाल ओळींवर पिकू लागला. लोक हेडमास्तरांचं कौतुक करत, आणि ते "सुचलं आपलं" म्हणून सुपारी कातरत बसत.

बैठक शाळेत भरली. कंपाउंडर ओळ वाचणार, धनी हो म्हणणार, मी चिठ्ठी लिहिणार. पहिली लाल ओळ आली. "माझी," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली. अशा अकरा झाल्या. खरं बोलावं तर दौतीची चोरी कबूल करावी लागणार होती. माझ्या ओळी माझ्याच हाताने त्यांच्या नावावर चढवत होतो आणि आतून नुसता जळत होतो.

एका ओळीवर माझी भिस्त होती; ती तरी ते आपली म्हणणार नाहीत. हेडमास्तर कुणाच्याही घरी गेले की कुणी विचारायच्या आधीच "चहा-बिहा नको हं" म्हणत आणि पाटावर मांडी घालून बसत. सगळ्या गावाला ते माहीत होतं. ती बारावी ओळ नाटकातल्या नोकराच्या तोंडी होती. कंपाउंडरांनी ती दबक्या आवाजात वाचली: "मालक, पावना चहा नको म्हनून राह्यला. मंग दूध जास्त टाकू?"

सगळ्यांच्या माना खाली. हेडमास्तरांनी चष्म्यावरून आधी वहीकडे पाहिलं, मग सावकाश माझ्याकडे. शाळेतली शुद्ध भाषा बाजूला ठेवून ते म्हणाले, "हेबी माहंच हाय. लिहा, मास्तर."

मी लिहिलं. प्रयोगात त्या ओळीला मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. स्वतःवर हसायला काळीज लागतं, असं जो तो हेडमास्तरांना सांगू लागला, आणि चिठ्ठ्या मंजूर करायचं कामही त्यांच्याकडेच गेलं.

पुढच्या वर्षी मी आठवडाभर घासूनपुसून एक ओळ रचली आणि निळ्या शाईत, स्वतःच्या सहीने, चिठ्ठी दिली. ती दुसऱ्याच दिवशी परत आली. खाली हेडमास्तरांच्या हातचा शेरा होता, आणि या वेळी लाल शाई खरोखरच त्यांची होती: "नामंजूर. कारण: लाल शाईवाल्याची नक्कल."