रद्द कागदांची वही

विजयश्रीचं नाक आधीपासूनच लाल व्हायला टपलेलं असतं. बसमध्ये कुणी खिडकी उघडी ठेवून झोपलं तरी ती भांडते. पण त्या दिवशी कंपनीच्या गेटवर तिला जो राग आला ना, तो वेगळाच होता.

ती राहते रहाटणीला, एका खोलीत, आई दुर्गाबाई आणि आप्पांबरोबर. आप्पा म्हणजे तिचे वडील, उद्धवराव. बीडकडून आले, आयुष्यभर या पिंपरीच्या पट्ट्यातल्या कंपन्यांत राबले, आणि एका सकाळी चहाचा कप हातातून गळाला तेव्हा कळलं की उजवी बाजू गेली. वाचाही गेली. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यांच्याशी बोलत राहा, बाहेरचं काहीबाही सांगत राहा. पण ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी माणूस किती बोलणार? आई आठवडाभर बोलली, मग बोलायला बसली की रडायलाच लागायची.

तेव्हा विजयश्रीने वही काढली. शाळेत असताना ती चित्रं काढायची, मग कंपनीतली नोकरी सुरू झाली आणि ते राहून गेलं होतं. आता महाळुंग्याला जाताना कंपनीच्या बसमध्ये, परत येताना, जेवणाच्या सुट्टीत, गावाकडे जाताना एसटीत, कुठेही पेन्सिल चालायला लागली. तोंड उघडं टाकून झोपलेली आख्खी मागची सीट. ड्रायव्हर सोनबाची मान, मफलरसकट. कॅन्टीनमध्ये ताटातली मिरची शेजारणीच्या ताटात सरकवणारी शालनबाई. संध्याकाळी ती आप्पांच्या उशाशी बसायची आणि पान उलटायची. आप्पा डावं बोट ठेवून नुसत्या डोळ्यांनी विचारायचे, हा कोण? मग ती त्या माणसाची सगळी कुंडली सांगायची आणि आप्पा अर्ध्या तोंडाने हसायचे. दिवसभरात तेवढंच हसायचे. फोटो काढून दाखवावेत तर गेटवरच फोनच्या कॅमेऱ्याला स्टिकर लागतं. म्हणजे वही हेच आप्पांचं बाहेरचं जग.

आता कागदाचं ऐका, कारण सगळं तिथेच फिस्कटलं. विजयश्री पार्ट तपासायच्या टेबलावर काम करते. कंपनीत प्रत्येक पार्टचं ड्रॉइंग असतं, मोठ्या जाड कागदावर, सगळी मापं लिहिलेलं. माप बदललं की नवीन ड्रॉइंग येतं आणि जुन्यावर लाल शिक्का बसून ते भंगारात पडतं. मागची बाजू कोरी, पांढरीशुभ्र. असला कागद कोण सोडतो? कुणी त्यात भाकरी बांधतं, कुणी लॉकरमध्ये अंथरतं. विजयश्रीने ते नीट कापले, गोधडीच्या सुईने शिवले आणि वही केली. सगळ्यांसमोर केली. कुणाला काही वाटलं नाही, तिलाही नाही.

त्या दिवशी गेटवर सिक्युरिटीचा नवा माणूस होता. त्याने पिशवी उघडली, वही उघडली, आणि चित्रांच्या उलट्या बाजूला कंपनीचं नाव दिसताच चोर पकडल्यासारखा तिला केबिनमध्ये घेऊन गेला.

तिथे एचआरचे साहेब भजी खात बसले होते. त्यांनी बोटं पुसून वही घेतली आणि एकेक पान उलटं करून बघायला लागले. विजयश्री बघत होती. एवढ्या पानांत या माणसाने एकदाही, चुकूनसुद्धा, चित्राची बाजू बघितली नाही! आप्पा जे पान अर्धा तास धरून ठेवतात ते याने नुसतं नंबर वाचायला फिरवलं.

साहेब म्हणाले, हे कॉन्फिडेन्शियल आहे, बाहेर न्यायचं नाही, वही मशीनमध्ये घालून फाडावी लागेल. विजयश्रीने समजावलं. शिक्का दाखवला, भंगाराचं सांगितलं, आप्पांचंसुद्धा सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तिला स्वतःचाच राग आला, की याच्यासमोर आप्पा कशाला काढले.

तेवढ्यात तिला इथे कामावर लावणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर सनी धावत आला. त्याने तिला कोपऱ्यात घेतलं. "ताई, सॉरी म्हण ना. वह्या काय, छप्पन्न मिळतील."

"तू मिळवून दे की मग. सोनबाच्या मानेसकट."

आणि वळता वळता तिचं लक्ष टेबलावर गेलं. भजी ज्या कागदावर होती, त्याचा कोपरा तेलाने पारदर्शक झाला होता आणि खालच्या रेघा दिसत होत्या. तिने भजी टेबलावर ओतली. सरळ ओतली. कागद उलटा करून साहेबांसमोर धरला. तोच लाल शिक्का, तेच कंपनीचं नाव.

"सर, हे बाहेरच्या टपरीवरून आलंय. तुमचं भंगारच तिथे विकलं जातं. आधी हे घाला मशीनमध्ये."

सिक्युरिटीवाला भिंतीकडे तोंड करून खोकला. साहेब लाल झाले. म्हणाले, तो विषय वेगळा आहे. मग जणू उपकार करतोय अशा आवाजात म्हणाले, ठीक आहे, फाडत नाही, पण प्रत्येक ड्रॉइंगवर काळा मार्कर फिरवायचा, इथेच बसून, स्वतःच्या हाताने.

ती बसली. आप्पांसाठी बसली. पहिल्या पानावर मार्कर फिरवला, दाबून, आणि सहज उलटून बघितलं तर काळं पलीकडे झिरपलेलं. शालनबाईचं तोंड गेलं होतं. मिरची तेवढी राहिली होती.

विजयश्रीने मार्करला टोपण लावलं. वही छातीशी धरली आणि उठली.

"मॅडम, वही घेऊन गेलात तर उद्या गेटपास चालणार नाही," साहेब म्हणाले.

"नका चालवू."

सनी बसपर्यंत मागे आला, घरी कोण कमावणार, आप्पांच्या गोळ्यांचं काय, सगळं तिला आठवण करून देत. जसं काही ती विसरली होती! बसमध्ये तिने पेन्सिल काढलीच नाही.

घरी आईने एकदम विचारलं, काय झालं गं, तोंड का असं? विजयश्रीने चपला काढल्या. आप्पांच्या उशाशी बसली आणि वही उघडली. आप्पांनी त्या काळ्या डागावर बोट ठेवलं. हा कोण?

मग ती फुटलीच. शालनबाई, भजी, मार्कर, उपकाराचा आवाज, गेटपास, सगळं एका दमात, रडत, दातओठ खात. आप्पा ऐकत होते. डाग अंगठ्याने पुसत होते, पुसला जात नव्हता. त्यांच्या मानेची शीर फुगली, ओठ वाकडा झाला, काहीतरी घशापर्यंत येऊन अडकलं, पुन्हा वर आलं.

"हरामखोर," आप्पा म्हणाले.

स्वच्छ. एकही अक्षर न अडखळता.

दुर्गाबाईंनी गॅस बंद केला. पिठाच्या हातांनीच जवळ आल्या आणि कोण बोललं म्हणून दोघांकडे बघत राहिल्या. विजयश्रीने नाक पुसलं, वही आप्पांच्या जवळ सरकवली आणि त्या काळ्या पानावर बोट ठेवलं.

"आप्पा, परत म्हणा," ती म्हणाली. "जोरात म्हणा."