दिसलं तेवढंच लिहा

वाचायला दिलेलं कार्ड हातात आलं, की ते आधी खिशातून रुमाल काढायचे. कार्ड पुसायचे, उजेडाकडे तिरकं धरून पाहायचे आणि मगच म्हणायचे, "हां, आता विचारा." माझ्या दवाखान्यातलं कार्ड मळकट असतं असा त्याचा सरळ अर्थ होता, आणि पहिल्या दिवशी मला तो झोंबलाही होता.

या हिंदी मुलखातल्या शहरात, दीक्षितपुऱ्यात, आमच्या सासरच्यांची चौथी पिढी नांदते. तिथेच खालच्या मजल्यावर माझा डोळ्यांचा दवाखाना आहे. शहरात एका शिकवणीत वेल्डिंगचे जोड तपासायला शिकवतात. जोड कापायचा नाही, तोडायचा नाही, बाहेरून पाहून, लाल रंग लावून, आवाजाच्या लहरी सोडून आतला दोष शोधायचा. त्या परीक्षेला बसायचं तर डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला लागतो. बारीक अक्षर वाचता येतं, रंग ओळखता येतात, असा. आणि एकदा मिळवून भागत नाही, दर वर्षी नवा आणावा लागतो. त्या दाखल्यासाठी माझ्याकडे पोरांची टोळी येते. ती बाकावर बसून आतला काय वाचतो ते ऐकते आणि आपली पाळी आली की घडाघडा म्हणून दाखवते.

त्याच टोळीत हे रुमालवाले गृहस्थ होते, पन्नाशीला टेकलेले. सगळी पोरं त्यांना दादा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. कार्ड पुसून झाल्यावर त्यांनी ते मला परत दिलं.

"मॅडमजी, हे दुसरं आणा. हे मला पाठ झालं."

"कधी झालं?"

"बाहेर बसलो होतो ना. माझ्या आधी सगळ्यांनी हेच वाचलं." मी दुसरं कार्ड शोधेपर्यंत बाहेरची टोळी दादांकडे अशी पाहत होती, की हा माणूस संध्याकाळी घरी धड पोचेल की नाही अशी मला शंका आली. दादांनी नवं कार्ड सावकाश वाचलं. एका शब्दापाशी अडले आणि म्हणाले, "हे नाही दिसत. दिसलं तेवढंच लिहा." तेवढ्यावरही ते पास होते.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. तो खरा असतो, पण त्याच्या खरेपणाचा ताप शेजारपाजाऱ्यांना होतो.

दादा गोहलपूर मोहल्ल्यात राहायचे. घराणं मूळचं नागपूरकडचं, आजोबा इकडे कामाला आले ते इथलेच झाले. स्वतः दादा टाक्या आणि पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्डर होते. हात चांगला होता, पगार बरा होता. मग या वयात ही परीक्षा कशाला, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "इतकी वर्षं जोड लावून राहिलो मॅडमजी, एकानं नीट पाहिलं नाही. तपासणारा साहेब येते, लांबूनच बढिया म्हणते, सही करते. अरे, पाहा तर. फेल करा, पण पाहून करा."

लोक नापास झाल्यावर रागावतात. हे न पाहता पास केल्याबद्दल रागावले होते.

अभ्यास त्यांनी स्वयंपाकघरात केला. एका प्रकारात जोडावर लाल रंग लावतात, थोडा वेळ मुरू देतात, पुसून टाकतात आणि वरून पांढरी पूड फवारतात. भेग असली, तर आत शिरलेला लाल रंग त्या पांढऱ्यावर रेघ होऊन वर येतो. दादांनी हा प्रयोग वहिनींच्या कुकरवर केला. कुकरच्या झाकणावर खरोखरच बारीक लाल रेघ उमटली. ओट्यावरही उमटली, आणि ती पुढे कशानंच गेली नाही. वहिनी चष्म्याला आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "माझा कुकर नापास केला यांनी. स्वतः अजून पास नाही झाले."

पहिल्या खेपेला ते लेखी परीक्षेत नापास झाले, कारण पेपर इंग्रजीत होता. दुसऱ्या खेपेला पास झाले. पेढे घेऊन आले आणि पेढा हातात देता देता माझ्या दाराच्या नव्या लोखंडी गेटकडे पाहू लागले. अंगठ्याचं नख जोडावरून फिरवलं. शर्टाच्या खिशातून भिंग काढलं, डावा डोळा मिटला, उजव्याला भिंग लावलं.

"मॅडमजी, हे नुसतं चिकटवलं आहे."

गेट बनवणारा त्यांच्याच मोहल्ल्यातला. दादा त्याला बोलावून घेऊन आले. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "दादा, गेट है, बॉयलर नहीं है." तरी जोड पुन्हा मारून घेतलाच. माझं गेट आज शहरातलं सर्वांत भक्कम गेट असेल, आणि आत चोरण्यासारखं काही नाही.

पुढे त्यांना कारखान्यातच तपासनीस केलं. दर वर्षी थंडीत ते दाखल्याला यायचे, रुमाल काढायचे. बोलण्यात मात्र फरक पडत गेला. पूर्वी म्हणायचे, "पाहून सांगतो." आता म्हणायचे, "मी पाहिलं म्हणजे पाहिलं." सर्टिफिकेट माणसाच्या भिंतीवर लागतं, तसं थोडं अंगालाही लागतं. मला ते खटकायचं, पण त्यांना शोभायचंही.

त्यांचा एक धाकटा भाऊ होता, वयानं बराच लहान. वडील लवकर गेले, त्यामुळे दादांनीच त्याला वाढवला. वेल्डिंगचा होल्डर हातात धरायला त्यांनीच शिकवलं. तो त्याच कारखान्यात कच्च्या नोकरीवर होता. पक्का व्हायचं तर वेल्डरची चाचणी द्यायची होती. दोन लोखंडी पाट्या जोडून दाखवायच्या. आधी तो जोड तपासनीस नुसत्या नजरेनं पाहतो, त्यात टिकला तर पाटीचा एक्स-रे निघतो.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत मराठी मंडळाच्या फराळाला दादा भेटले. चिवड्याची बशी हातात होती, पण खात नव्हते.

"लहान्याला फेल केलं," म्हणाले.

"काहून?" मीही त्यांच्याशी बोलताना त्यांच्यासारखंच बोलू लागले होते.

"काहून म्हणजे? जोड मधे वाकडा होता. रेघ सरकली म्हणजे पाट्या नीट मिळाल्या नाहीत. एक्स-रेपर्यंत जाऊच नाही दिली."

"मोजपट्टी लावून पाहिलंत?"

"माझ्या डोळ्याला पट्टी लागत नाही, मॅडमजी." मग बशीकडे पाहत म्हणाले, "दुसऱ्याचा असता तर केलाच असता ना फेल. मग भाऊ आहे म्हणून कसा सोडू? पुन्हा दे म्हटलं त्याला. देत नाही. बोलतही नाही."

मंडळातल्या दोघा-चौघांनी त्यांची पाठ थोपटली. असा भाऊ, असा न्याय, वगैरे. दादांची मान ताठ होती, पण बशीतला चिवडा तसाच राहिला. भाऊबीज झाल्यावर धाकटा गुजरातेत निघून गेला, असं नंतर कळलं.

त्याच थंडीत दादा दाखल्याला आले. रुमाल काढला, कार्ड पुसलं. डावा डोळा झाकून वाचायला लागले आणि हसले.

"हे बदला मॅडमजी. वाकडं छापलं आहे. मधली ओळ खाली उतरली. रिजेक्ट."

मी कार्ड हातात घेतलं. ओळी सरळ होत्या. मी चौकटी-चौकटींचा कागद काढला, मधे एक ठिपका असलेला. तो पाहून डोळ्याच्या पडद्यात काही बिघाड आहे का, ते समजतं.

"ठिपक्याकडे पाहा. कसं दिसतं?"

"मधे दबलेलं. वरून कोणी बोट ठेवल्यासारखं."

"आता उजवा झाका."

त्यांनी झाकला. मग पुन्हा डावा झाकला. पुन्हा उजवा.

"कागद एकच आहे ना?"

"एकच आहे, दादा."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. म्हणाले, "भिंग मी उजव्यालाच लावतो."

मी पडदा तपासला. आदल्या वर्षीच्या थंडीत जो स्वच्छ होता, त्याच उजव्या पडद्यावर अगदी मध्यभागी सूज होती. दोन्ही डोळे उघडे असले, की चांगला डोळा दुसऱ्याचं सांभाळून घेतो, माणसाला पत्ताही लागत नाही. एकाच डोळ्यानं पाहायची सवय असलेल्याला तरी बिघाड कळायला हवा होता. पण यांना जोड वाकडे दिसत होते, आणि यांनी मानलं की हल्ली पोरांचे हात बिघडले.

"कधीपासून असेल?"

"नक्की नाही सांगता येणार. काही महिने."

"दिवाळीच्या आधीचं?"

"असू शकतं," मी म्हणाले. या माणसासमोर गोड बोलायची सोय नव्हती.

मी त्यांना सांगितलं, की दाखला अडत नाही. एका डोळ्यानं नीट वाचता आलं तरी नियमानं चालतं, आणि डावा उत्तम आहे. डाव्यानं काम करा, उजव्यावर नागपूरला इंजेक्शनचा उपचार करून घेऊ. त्यांनी मान हलवली.

"चालते म्हणता. पण मी तर त्याच डोळ्यानं पाहिलं ना."

दाखला मी लिहिला. तो माझ्या टेबलावरच राहिला.

दादा दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले आणि स्वतःहून सगळं सांगून टाकलं. त्या महिन्यांत आपण पाहिलेला प्रत्येक जोड दुसऱ्याकडून तपासा म्हणाले. वरच्यांना ते आवडलं नाही, पण तपासणी झाली. पास केलेले जोड सगळे ठीक निघाले. धाकट्याची पाटी शेडमागच्या ढिगात पडून होती. दादांनी ती उपसून काढली आणि आता मात्र पट्टी लावली. रेघ सरळ होती. मागे लागून त्यांनी तिचा एक्स-रे काढवला. आत एक डागही नव्हता. हे सांगताना ते म्हणाले, "माझ्यापेक्षा सुंदर जोड आहे मॅडमजी." आणि रडले. बाहेर पेशंट खोळंबले होते. मी त्यांना खोळंबू दिलं.

धाकटा त्यांचा फोन उचलत नव्हता. म्हणून एका दुपारी ते आले आणि म्हणाले, "तुमच्या फोनवरून लावा. तुम्ही डॉक्टर आहात, तुमचं ऐकेल." मी फोन लावला आणि त्यांनाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. दादा समोर बसले होते.

"हॅलो, कौन?"

मी कोण ते सांगितलं. त्याच्या भावाच्या उजव्या डोळ्याला सूज आहे, त्यामुळे सरळ रेघ वाकडी दिसते, हे समजावलं.

"दादाला दिसते ना?" त्यानं घाईनं विचारलं.

"दुसरा डोळा चांगला आहे. काळजी नको. पण तुमच्या पाटीचा एक्स-रे काढला. जोड बिलकूल बरोबर होता. चूक डोळ्याची होती."

"अच्छा," तो म्हणाला. "पण मॅडम, मी पण पाहिली होती ती पाटी. दादा बोलला वाकडी आहे, तर मी उन्हात नेऊन पाहिली. मला पण वाकडीच दिसली."

मी फोन दादांच्या आणखी जवळ सरकवला.

"लहानपणापासून दादा बोलला सरळ तर सरळ, वाकडं तर वाकडं. मला वेगळं पाहताच येत नाही. पुन्हा चाचणी कशी देऊ? आता कोणताच जोड मला सरळ दिसत नाही. ते काम सोडलं मी. इथे गोदामात आहे. चलो, ठेवतो."

दादा खुर्चीतून उठले नाहीत. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला, आणि दोघांबद्दलही फार वाईट वाटलं. एकाचा डोळा बिघडला होता आणि आंधळे दोघे झाले होते. दादा शेवटी एवढंच म्हणाले, "माझ्यावर इंजेक्शन आहे. त्याच्यावर काय आहे?"

नागपूरला उपचार झाले. सूज वाढायची थांबली, वाकडेपणा थोडा राहिला. दादांनी कारखाना सोडला आणि धाकट्याकडे गुजरातेत गेले. यंदाच्या थंडीत पोरांची टोळी आली, वाचून, म्हणून, दाखले घेऊन गेली. त्यात ते नव्हते.

गेल्या आठवड्यात वहिनी चष्मा बदलायला आल्या. मी विचारलं, "दादा काय करून राहिले तिकडे?"

"बसून राहिले," वहिनी म्हणाल्या. "गोदामाजवळ एक छोटं वर्कशॉप आहे. मालकाला विनंती करून मशीन मागून घेतात. सुट्टीच्या दिवशी लहान्याला घेऊन जातात. पाट्या मांडून देतात, होल्डर त्याच्या हातात देतात, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसतात. म्हणतात, तू लाव, मी पाहत नाही."

"मग? लावतो का तो?"

वहिनींनी नवा चष्मा डोळ्यांवर चढवला, नाकावर नीट बसवला.

"अजून तरी नाही. दोघंही तसेच बसून राहतात. मग संध्याकाळी मशीन परत देऊन येतात."