सतरा तुकड्यांत आलेला प्रोग्राम

देऊळगाव राजाच्या बसस्टँडपासून जरा आत एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी सहा वर्षं शिकवलं. नवं शतक नुकतंच लागलं होतं. खोलीत बावीस टाइपरायटर होते आणि सकाळी सातपासून तासातासाच्या बॅच चालायच्या. इन्स्टिट्यूट ज्यांचं होतं ते सर पन्नाशीचे, शिस्तीचे. त्यांचं घर मागच्याच खोल्यांत. एका उन्हाळ्यात त्यांनी जालन्याहून एक जुना कॉम्प्युटर आणला, त्यावर फुलाफुलाचं कापड घातलं आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमी कोर्स केला हाये ना? मंग हे आता तुमच्याकडं."

मी जालन्याला सहा महिने प्रोग्रामिंगचा कोर्स केला होता. त्याचा मला आतापर्यंत काही उपयोग झाला नव्हता. कॉम्प्युटरवर टायपिंग शिकवायचं म्हटलं तर शिकवणारा प्रोग्राम हवा, आणि तो आमच्याकडे नव्हता. एका मासिकात मला एका मेलिंग लिस्टचा पत्ता सापडला. हौशी लोकांची लिस्ट होती ती. तिथे एक ई-मेल पाठवली की ती सगळ्यांना जायची. कुणी अडचण विचारायचं, कुणी स्वतः लिहिलेला प्रोग्राम बाकीच्यांना देऊन टाकायचं. मी तीनदा खाडाखोड करून इंग्रजीत चार ओळी लिहिल्या: टायपिंग शिकवणारा प्रोग्राम कुणाकडे आहे का?

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडच्या कुठल्याशा गावातून एका माणसाचं उत्तर आलं. त्याच्याकडे होता. एका मेलमध्ये मावणार नाही, म्हणून सतरा तुकडे करून पाठवतो म्हणाला.

"फुकट काऊन देऊन राह्यला तो?" सरांनी विचारलं. "वळखीचा ना पाळखीचा."

सरांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणायचो. त्या मागच्या दारात मेथी निवडत बसल्या होत्या. तिथूनच बोलल्या, "शेजारीण विरजण मांगाले येते तं आपण काय पावती फाडतो का?"

सर हसले आणि बॅचकडे वळले. पण ते तुकडे उतरवून घ्यायला सगळ्यात मोठी अडचण काकूंचीच झाली. इंटरनेट फोनच्याच तारेवरून यायचं आणि फोन एकच. त्याच तारेवरचा दुसरा, पॅरलल फोन घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीला. मोडेम किर्रर्र करून जोडला जायचा, तुकडा निम्मा उतरायचा, की काकू बहिणीला फोन लावायला रिसीव्हर उचलायच्या. संपलं. अकरावा तुकडा असा तीन वेळा तुटला. चौथ्या वेळी काकू स्वतःच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी त्याले रिबिनीनं बांधून ठेवलं वं पोरी. आता काढ तुझं काय ते." आत जाऊन पाहिलं तर रिसीव्हर खरंच लाल रिबिनीने आवळून बांधलेला, वर बो. त्या आठवड्यात सतरा तुकडे पूर्ण झाले. ते जोडले, प्रोग्राम सुरू झाला, आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

प्रोग्राम इंग्रजीचा होता. आमची निम्मी मुलं मराठी टायपिंगची. पण त्या माणसाने नुसता प्रोग्राम पाठवला नव्हता. तो ज्या ओळींनी लिहिला होता, त्या सगळ्या ओळी सोबत दिल्या होत्या. वर एक टीप होती: हवं ते बदला, हव्या त्याला द्या, मात्र जे बदलाल तेही असंच इतरांना द्या. मी ती टीप दोन-तीनदा वाचली. मला आयुष्यात कुणी इतक्या विश्वासाने काही बदलायला दिलं नव्हतं.

त्या मशीनवर मराठी अक्षरंच नव्हती, म्हणून मी ती काढायला घेतली. मराठी टाइपरायटरची एक सोय आहे: एका किल्लीला अक्षराचा एक तुकडा. अर्धा भ एका किल्लीवर, काना दुसरीवर. दोन्ही दाबल्या की भ पुरा होतो. म्हणजे तेवढे आकार काढले की झालं. चौकटीची वही घेतली आणि दोसुतीवर भरतकाम करतात तसे चौकोन भरत गेले. भरलेला चौकोन म्हणजे ठिपका, रिकामा म्हणजे काही नाही. मग त्या ठिपक्यांचे आकडे करून प्रोग्रामात घालायचे. 'ज्ञ'ने मला चार दिवस रडवलं. पहिल्यांदा 'क्ष' पडद्यावर आला तेव्हा तो कोंबड्यासारखा दिसत होता, आणि बॅचमधल्या पोरींनी त्याला तसंच नाव ठेवलं.

चूक झाली की मूळ प्रोग्राम इंग्रजीत कोरडेपणाने सांगायचा, पुन्हा करा. त्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून तात्पुरतं मी माझी आई जे म्हणाली असती ते लिहून ठेवलं. "घाई काऊन करून राह्यली?" "बोटं हायेत का मुसळ?" वेग कमी आला तर "झोपली काय वं बाई?" आणि चांगला आला तर "वा वं वाघिणी!" पुढे नीट, पुस्तकी वाक्यं घालू, असं ठरवलं होतं.

पोरींना ती वाक्यं इतकी आवडली की मुद्दाम चुका करायला लागल्या. मीही विसरून गेले. दिवाळीनंतर एकोणीस तुकडे करून प्रोग्राम लिस्टवर पाठवून दिला, आणि पाठवल्यावर दोन तासांनी मला ती वाक्यं आठवली.

पाचव्या दिवशी पुण्याहून एक लांबलचक मेल आली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी, पण किती शुद्ध!

"महोदय, मी चाळीस वर्षे मुद्रितशोधन केले, आता निवृत्त आहे. आपल्या प्रोग्राममध्ये भाषेच्या एकतीस चुका आहेत, यादी सोबत. शिवाय काल मी पाचला पाच मिनिटे असताना सरावाला बसलो आणि पाच वाजून पाच मिनिटांनी उठलो. माझा वेग मिनिटाला वजा एक शब्द आला, आणि यंत्राने मला विचारले, 'झोपली काय वं बाई?' मी झोपलो नव्हतो. आणि मी बाईही नाही."

दोन दिवस मी मेल उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, वजा वेग कसा येईल? आठला पाच कमी असताना बसले, आठ वाजून गेल्यावर थांबले. माझाही वेग वजा. मी फक्त घड्याळातली मिनिटं वजा करत होते; तास बदलला की हिशोब उलटा. आमच्या बॅच तासाला सुरू होऊन पुढचा ठोका पडायच्या आत सुटायच्या, त्यामुळे ते कधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. इतक्या लोकांनी प्रोग्राम घेतला, छान छान म्हणाले, पण नीट बसून वापरला तो या रागावलेल्या गृहस्थांनी.

मी ती ओळ दुरुस्त करून पाठवली, आभार मानले. आणि धीर करून लिहिलं की वेगाची चूक माझी, पण त्या एकतीस चुका नाहीत. आमच्याकडे असंच बोलतात.

त्यावर उत्तर आलं नाही. मला वाटलं, तुटलं.

थंडीत एके दिवशी दुपारच्या बॅचला पांढऱ्या सदऱ्यातले एक आजोबा आणि त्यांची पत्नी दारात उभे. पुण्याहून लोणारचं सरोवर पाहायला निघाले होते, प्रोग्रामच्या पहिल्या पडद्यावर मी घातलेला इन्स्टिट्यूटचा पत्ता पाहून वाटेत उतरले. आजोबांनी सरांना नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "टंकलेखनाचा प्रोग्राम आपणच लिहिलात ना?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "मी न्हाई. या मॅडमनं."

मी मेलखाली नावाची नुसती आद्याक्षरं लिहायची. आजोबा माझ्याकडे वळले. "अहो, मी आपल्याला महोदय म्हणत होतो!"

"मी बी तुमाले बाई म्हटलं," मी म्हणाले. "फिटंफाट."

त्यांची पत्नी इतकी हसली की काकू आतून पाणी घेऊन धावत आल्या. मग आजोबा कॉम्प्युटरपुढे बसले. सगळी बॅच टाइपरायटर सोडून मागे उभी. ते दोन बोटांनी, फार सावकाश टाइप करत होते. तिसऱ्या ओळीत चूक झाली आणि पडद्यावर आलं, "बोटं हायेत का मुसळ?"

"चाळीस वर्षं हेच दुसऱ्यांच्या चुका काढत होते," त्यांची पत्नी काकूंना म्हणाली. "आज भेटलं कुणीतरी."

आजोबा हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. ओळ पुरी केली आणि म्हणाले, "ही वाक्यं प्रोग्रामच्या पोटात कशाला ठेवता? वेगळ्या फाइलीत ठेवा. ज्याला जी बोली हवी, तो ती घालेल." चहा होईपर्यंत आम्ही दोघांनी कागदावर ते कसं करायचं ते मांडलं. काकूंनी त्यांना ज्वारीची भाकरी आणि ठेचा बांधून दिला, आणि सर स्वतः त्यांना लोणारच्या मुक्कामी गाडीसाठी स्टँडवर सोडायला गेले.

नवी आवृत्ती मी लिस्टवर टाकली. महिन्याभरात धुळ्याहून अहिराणीची फाइल आली, मग कुडाळहून मालवणीची. त्यातलं अर्धं आम्हाला कळलं नाही, तरी सर ती मोठ्याने वाचून दाखवायचे. शेवटी पुण्याची आली. आजोबांनी स्वतः लिहिलेली. चूक झाली की पडद्यावर यायचं, "आपण किंचित घाई करीत आहात, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते."

आमच्या पोरींनी आईची वाक्यं सोडून तीच फाइल धरली. हसून हसून त्यांचा वेग कमी झाला. खोलीत एक दुसरीला म्हणायची, "आपण खिडकी लावाल का, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते," आणि दुसरी म्हणायची, "लाव बे तूच!" मी हे आजोबांना कळवलं. त्यांनी उलट टपाली लिहिलं की त्या वाक्यात व्याकरण चुकलं आहे, तेवढं मुलींना सांगावं.

पुढे मी लग्न होऊन मेहकरकडे आले, शाळेत लागले. काही वर्षांनी एका प्रशिक्षणात लातूरकडची एक शिक्षिका शेजारी बसली होती. जेवणाच्या सुट्टीत तिने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हाला एक गंमत दाखवते. टायपिंगचा प्रोग्राम आहे, जुना आहे पण लई भारी." पडद्यावर माझा कोंबड्यासारखा 'क्ष' होता. तिने आपल्याकडच्या बोलीची नवी फाइल केली होती. ती एकेक वाक्य वाचून दाखवत होती आणि स्वतःच हसत होती.

मी काही सांगितलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

"देऊ का तुम्हाला?" तिने विचारलं. "फुकट आहे. कुणीतरी लिहून ठेवलंय, आपण वापरायचं, पुढं द्यायचं."

"द्या ना," मी म्हणाले, आणि पर्समधून पेन ड्राइव्ह काढून तिच्या हातात दिला.