नऊ नंबरचं गप्प पोट

चौथा दिवस उजाडला तरी नऊ नंबरच्या खाटेवरचं पोट गप्पच. पेशंट आनंदा, वडूजचा ट्रक ड्रायव्हर. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं. ऑपरेशननंतर आतडी दोनेक दिवस रुसतात, मग गुडगुडायला लागतात. पेशंटचा वारा सरला की सांगलीच्या त्या सर्जिकल वॉर्डात आम्हा सिस्टरना परीक्षा पास झाल्यासारखं वाटायचं. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट.

आनंदाचं पोट टम्म फुगलेलं, अंगात ताप, जखमेत पू. आणि स्वारी मजेत!

"दुखतंय का?"

"न्हाई शिस्टर. लय ब्येस हाय."

आमचे सर्जन सर म्हणाले, "आत कुठंतरी गळतंय. उद्या सकाळी पोट परत उघडू."

दुसऱ्या ऑपरेशनमधून हा उठेल, असं वाटेना.

गंमत म्हणजे कालपासून माझंही पोट गप्प होतं. मला ही तक्रार कधीच नसते. दुपारी सरांनी हळूच विचारलं, "सिस्टर, लिक्विड पॅराफिन आहे का?" हे पोट साफ व्हायचं औषध.

"कोणत्या पेशंटला?"

"तुम्हाला काय करायचंय?"

बाटली दिली, हसू दाबलं. मग डोकं चालू लागलं. तिघांची पोटं गप्प, आणि तिघांच्या पोटात गेलेली वस्तू एकच.

काल आनंदाची बायको हौसाबाई त्याच्या तोंडात काहीतरी कोंबताना मला दिसली होती. त्याला नुसतं घोट घोट पाणी द्यायचं होतं. मी दरडावलं, तर म्हणाली, "औंधच्या यमाईचा परसाद हाय." झालं, माझा हात आपोआप पुढे! अर्धा पेढा मिळाला. राउंडला आलेल्या सरांनाही मीच द्यायला लावला. मग मी खुर्चीतच पेंगले, आणि सर दिवसभर कुणावर ओरडले नाहीत. वॉर्डाला ती देवीची कृपा वाटली.

टॉर्च मारून आनंदाचे डोळे पाहिले. बाहुल्या मोहरीएवढ्या. हौसाबाईला व्हरांड्यात घेतलं.

"पेढ्यात अफू आहे?"

"वाईच हाय. आपरेशन झाल्यापासनं रोज देतीया. गाडीवर जायला लागले तवापासनं सवय हाय त्यास्नी. न्हाई दिली की हातपाय तानत्यात." मग माझ्यावरच उलटली, "परसाद म्हटल्यावर तुमी सोडून द्याल वाटलं. तुमी हातच फुडं केला! न्हाई कसं म्हनू?"

सरांना सांगितलं. ते लाल झाले.

"मी खाल्ला हे बाहेर बोलायचं नाही."

"आणि पोट उघडायचं?"

"थांबू."

अफूनं आतडी झोपतात. आतला माल तुंबला की जंतू वाढतात. त्यांना अडवणारं आतलं अस्तर ढिलं पडतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशीही सुस्तावतात. हे जंतूंचं प्रकरण पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं. तेव्हा एवढंच कळत होतं की पोट अफूनं गप्प आहे, आणि ती एकदम तोडली तर उलट जुलाब लागतील. सरांनी ती मोजून कमी केली आणि पू काढून जखम धुतली.

तिसऱ्या दिवशी ऐन राउंडमध्ये आनंदानं असा आवाज केला की शेजारचा म्हातारा दचकून उठून बसला. सर "शाब्बास!" म्हणाले. मला खरंच रडू आलं. पुढे तापही उतरला आणि आनंदा चालत घरी गेला.

मी एवढंच शिकले: पेशंटचं पोट परत फाडण्याआधी त्याच्या बायकोचा डबा तपासावा. तपासावा म्हणजे चाखू नये.