तीन वॅटवर जपान

सोलापुरात लाईट गेली की माझा जीव हरखतो. गल्लीतली माणसं वर्तमानपत्रानं वारा घेत दारात येतात आणि मी गच्चीवरच्या खोलीत रेडिओसमोर जाऊन बसतो. आमच्या भागात यंत्रमाग आहेत. ते चालू असले की रेडिओत नुसती खरखर. ते थांबले की बॅटरीवर चालणाऱ्या माझ्या सेटमध्ये लांबलांबची बारीक टिकटिक उमटायला लागते.

सरकारी परवाना काढून हौसेखातर वायरलेसवर जगाशी बोलणारे आम्ही लोक. त्यातल्या काहींना कमी वॅटचं वेड. झिरोच्या बल्बाला लागते त्याहून कमी विजेत, मोर्सच्या टिपक्या-रेघांनी समुद्रापार पोचायचं. या खेळाला पंच नाही. मी किती वॅटवर आहे हे समोरच्याला दिसत नाही. मी सांगेन ते खरं.

मी तिथंच घसरलो. एका जपानी स्टेशनला तीन वॅटवर हाका मारून थकलो आणि बटण फिरवून सरळ शंभरावर नेलं. लगेच उत्तर आलं. पॉवर किती, असं त्यानं विचारलं, तेव्हा माझ्या बोटांनी ‘तीन’ कळवलं. पुढं आमच्या हौशी मंडळींच्या बैठकीतही मी तेच सांगितलं. टाळ्या पडल्या. मुळात मी कमी बोलणारा. त्या दिवशी तोंड उघडलं ते नेमकं खोटं बोलायला.

बैठकीला जेऊरच्या एक बाई आल्या होत्या. शाळेत विज्ञान शिकवायच्या, परवाना नुकताच हातात पडलेला. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. “दादा, तुमची एरियलची तार केवढी उंच होती?”

माझी तार पाण्याच्या टाकीला बांधलेली, हात वर केला तर लागेल एवढी. मी म्हणालो, “चांगली दोन मजले उंच.”

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी जेऊरला बोलावलं. अंगणातल्या कडुलिंबाच्या शेंड्यापासून घराच्या कौलांपर्यंत तार ताणलेली. जेवणाच्या डब्यात स्वतः जुळवलेला सेट, शेजारी मोटरसायकलची जुनी बॅटरी. बाई कानाला हेडफोन लावून बसल्या आणि कितीतरी वेळ त्यांनी मोर्सच्या किल्लीला हातच लावला नाही. नुसत्या ऐकत राहिल्या. दोन मोठी स्टेशनं बोलायची थांबली तेव्हा मधल्या फटीत एकदाच आपलं नाव ठेवून दिलं. उत्तर नाही. पुन्हा ऐकणं. मी असतो तर एव्हाना बटण फिरवलं असतं. त्यांच्या सेटला तसलं बटणच नव्हतं.

त्यांच्या सासूबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. “रोज हाका मारती, कुणी ओ देत न्हाय,” त्या मला म्हणाल्या. “आन् तारंपायी माझ्या पोराला लिंबावर चढवला. पडला असता म्हंजी?”

“दादांची तेवढी उंच होती, आत्या,” बाई म्हणाल्या. माझ्या घशात शेंगदाणा अडकला. मी पुढची शेंग फोडली.

उन्हाळा लागता लागता त्यांचा फोन आला. आधी नुसतं हसू, मग “दादा, लागला की जपान! तीन वॅटवर!” मला खरंच भरून आलं. पण त्या पुढं म्हणाल्या, “येत्या बैठकीत बोलायचं हाय मला. तुमी करून दाखवलं म्हणून माझ्यानं झालं, हे सगळ्यांपुढं सांगणार.”

माझ्या खोट्याचा त्या सत्कार करणार होत्या. बैठकीच्या आदल्या दिवशी मी सकाळची गाडी धरून जेऊरला गेलो आणि अंगणात उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. शंभर वॅट, टाकीला बांधलेली तार, सगळं.

बाई लिंबाकडं बघत राहिल्या. “म्हणजे तुमच्या तीन वॅटला जपाननं ओ दिलीच न्हाय?”

“नाही.”

“मग आपल्यात पहिली मीच की!” त्यांचा चेहरा उजळला. मग एकदम आवाज चढला. “आन् मी येडी! रोज वाटायचं, दादांना जमलं, आपलाच हात कच्चा. दोनदा सेट उचलून कपाटात ठेवला होता मी, ठावं हाय का?”

मला ठाऊक नव्हतं. मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, आजही सांगता येणार नाही. “हे तितं तुमीच सांगायचं,” त्या म्हणाल्या. “माझ्या आधी.”

“खरं बोलाय आलाय, तर च्या तरी घेऊन जावा,” आतून सासूबाईंचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी उभा राहिलो. टेबलाकडं बघत कसंबसं बोललो. मागच्या रांगेतून बाईंचा आवाज आला, “दादा, काहीच ऐकू येत नाही. जरा पॉवर वाढवा.”

लोक हसले. मी मान वर केली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. मग खुर्चीत बसलो. बाई पुढं आल्या.