परत वाच

गव्हाणे सरांनी कुणालाही त्याची वेळ कधी सांगितली नाही. काष्टीच्या मैदानावर पहाटे साडेपाचला पोरं पोलीस भरतीसाठी पळायची. सर चुन्याच्या रेघेवर उभे, गळ्यात बुटाच्या लेसला बांधलेलं स्टॉपवॉच. पळणारा रेघ ओलांडायचा, सरांचा अंगठा दबायचा आणि घड्याळ न बघताच ते त्याच्या हातात द्यायचे. "तुझं तू वाच. म्या सांगितलं तर माझ्यावर रागवशील."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. चार फेऱ्या पळून आलो, घड्याळात पाच मिनिटं बेचाळीस सेकंद. मोठ्याने वाचलं पाच एकोणतीस. सर मैदानाकडे बघत होते, मानही वळवली नाही.

"परत वाच."

मी खरं वाचलं. ते नुसतं "हं" म्हणाले आणि पुढच्याला उभं केलं. शिवी नाही, उपदेश नाही. पुढच्या वर्षी मी पोलिसात लागलो. अडतीस वर्षं बंदोबस्त केला, हवालदार म्हणून निवृत्त झालो. पायांच्या शिरा फुगल्यात, आणि मोर्चा म्हटलं की डोक्यात फक्त बसायला जागा कुठे मिळेल एवढंच येतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावरही सरांनी मैदान सोडलं नाही. पोरींची तुकडी तर त्यांनी त्यानंतरच सुरू केली. एका पोरीचे वडील तक्रार घेऊन आले, पोरगी पळती, लोक हसत्यात. सर म्हणाले, "हसू द्या. उद्या तिनं सलूट मारला की तेच लोक नातं सांगत येत्याल." ती पोरगी लागली, आणि नातं सांगणारे खरोखरच आले.

सरांच्या पंचाहत्तरीला भरतीत लागलेल्या आम्ही सगळ्यांनी त्यांना मनगटावरचं भारी घड्याळ द्यायचं ठरवलं. बाहेरच्या देशातलं, बाजूला दोन बटणं, स्टॉपवॉचसारखं सेकंद मोजणारं. वर्गणी जमली. खरेदी माझ्या गळ्यात आली, कारण तेव्हा माझी ड्यूटी नगरला होती. दुकानदाराने एकाच घड्याळाचे दोन प्रकार मागवून ठेवले होते. एकाची तबकडी पांढरी, ओरखडा न पडणारी काच, मागूनही काच, आतली चक्रं फिरताना दिसावीत अशी. दुसरं जुन्या घाटाचं, काळी तबकडी, प्लॅस्टिकची काच, मागे साधं झाकण. दोन्हींना रोज चावी द्यायची. ग्रुपवर आठवडाभर भांडण चाललं. 'सरांना पांढरंच शोभेल' असं बहुमत पडलं. मला दोन्ही सारखीच वाटत होती. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सगळंच सारखं वाटतं. शेवटी वैतागून मी सरांनाच नगरला बोलावून घेतलं.

सर एसटीने आले. स्टँडवर मी हात केला, तो त्यांना दिसला नाही. हाक मारल्यावर वळले. गर्दी होती, मी फार मनावर घेतलं नाही. दुकानात त्यांनी दोन्ही घड्याळं तळहातावर घेतली, कानाला लावली, बटणं दाबून पाहिली. दुकानदार मागच्या काचेतली चक्रं दाखवायला लागला.

"चक्रं मनगटाकडं असनार, मग ती बघायची कुनी?" सर म्हणाले. "आन् ह्या दुसऱ्याची काच?"

"तिच्यावर ओरखडे पडतात सर. पण पडली तर फुटत नाही."

"पडू द्या वरखडं. रेघंवर फुटकी काच नको." मग ते माझ्याकडे वळले. "दत्ता, चष्मा काढ."

मी काढला.

"आता दोन्ही वाच. नीट, काट्यासकट."

पांढऱ्यावरचे चंदेरी काटे मला सापडेनात. काळ्यावरचे पांढरे काटे जवळ धरल्यावर लागले. मिनिटांची छोटी तबकडी कुठली, तासांची कुठली, हे दुकानदाराने दोनदा समजावलं. पळून दमलेल्या पोरांना वाचता यावं म्हणून सर विचारतायत, असं मला वाटलं. मी म्हणालो, "काळं वाचता येतंय सर."

"मग काळं घे. ग्रुपला सांग, सरांचा हट्ट हुता."

बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. सरांनी पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. डोळ्यांच्या दवाखान्याचा रिपोर्ट, पंधरा दिवसांपूर्वीचा.

"घरी दाखवला?"

"न्हाई. घरात वाचला की मैदान बंद. तू वाच."

इंग्रजीत होता. माझं इंग्रजी बेताचं, पण पंचनाम्यांनी तेवढं शिकवलंय. मी वाचलं, दुखण्याचं नाव वाचलं, आणि मराठीत सांगितलं, "ऑपरेशन केलं तर बराच फरक पडेल म्हणतात."

सर रस्त्याकडे बघत होते. बघत कसले, तोंड तिकडे होतं एवढंच.

"परत वाच."

चहाचा ग्लास मी खाली ठेवला. मग कागदावर होतं ते सांगितलं. साखरेने दोन्ही डोळ्यांचे पडदे गेलेत. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलंही फार दिवस राहणार नाही.

"हं. आता बराबर."

"तुम्हाला कसं कळलं सर?"

"खोटं वाचताना तुझा श्वास वर ऱ्हातो. पयल्या दिवशी बी ऱ्हायला हुता."

दोन वर्षांपासून त्यांना नीट दिसत नव्हतं, आणि मैदानावर कुणालाच कळलं नव्हतं. कळणार कसं? अंगठा पावलांच्या आवाजावर दबत होता, आणि घड्याळ तर पहिल्यापासून आम्हीच वाचत आलो होतो. मला रडू आलं. टपरीवर वर्दीतला माणूस रडतोय म्हणून चहावाला दुसरीकडे बघायला लागला. सरांनी चाचपडत माझं मनगट धरलं आणि ते काळं घड्याळ माझ्या हातावर बांधलं.

"तुला वाचता येतंय, म्हनून घेतलं. आट म्हैन्यांनी रिटायर व्हनार न्हव का? मैदान सांभाळ."

"सर, मी दमलोय. रिटायर झाल्यावर आठ वाजेपर्यंत झोपायचं ठरवलंय मी."

"झोप की. मैदान उरक आन् जाऊन झोप. तुला कोन आडवतंय?"

मी हो म्हणालो नाही. आजपर्यंत म्हणालेलो नाही. पण निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी साडेपाचला मैदानावर उभा होतो, आणि सर कडेच्या सिमेंटच्या पाइपावर बसून पावलं ऐकत होते. वर्षभर तसे येत राहिले. कुणी आकडा चोरला की पाइपावरून आवाज यायचा. मागच्या थंडीत ते झोपेतच गेले. पाइप तसाच आहे, त्यावर आता पोरं बूट ठेवतात.

घड्याळाच्या काचेवर बरेच ओरखडे पडलेत. पहाटे उठवत नाही, गुडघे बोलतात, पण चावी देतो आणि जातो. रेघ ओलांडणाऱ्याच्या हातात घड्याळ देतो. तबकडी वाचायला सगळे शिकलेत. सरांचा कान मात्र मला मिळाला नाही. कुणाचा श्वास वर राहिला, कुणाचा खाली, मला काही कळत नाही. म्हणून मी प्रत्येकालाच एकदा 'परत वाच' म्हणतो.

कधी कधी आकडा बदलतो.