गोलमागची खुर्ची

हाफटाइमची शिटी वाजली की तो उठायचा, घडीची खुर्ची मिटून काखेत मारायचा, दुसऱ्या हातात थर्मास घ्यायचा आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला चालू लागायचा. जाताना आम्हां आईबापांकडे बघून म्हणायचा, "चला, बाजू बदलली!"

आमच्यातलं कुणी हलायचं नाही. गुंगालिनमधली जुलैची, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातली, शनिवार सकाळ काय चीज असते, हे तिथे उभं राहिलेल्यांनाच ठाऊक. गवतावर दव गोठून पांढरं झालेलं, आणि नाकाचा शेंडा जागेवर आहे की नाही हे हात लावून बघावं लागतं. आम्ही साइडलाइनला ब्लँकेटं गुंडाळून, कॉफीचे कप धरून बसलेलो. हा एकटाच, आमच्या मुली ज्या गोलवर हल्ला करणार त्या गोलच्या मागे खुर्ची मांडायचा. हाफटाइमला मुलींनी बाजू बदलली की हाही बदलायचा.

यात अडचण एवढीच होती की आमच्या मुली हल्ला करतच नसत. बारा वर्षांखालच्या मुलींची टीम ती. माझी मैत्रेयी त्यातलीच. सगळा खेळ आमच्याच गोलपुढे चालायचा. तिथे धुमश्चक्री चाललेली असायची आणि पार दुसऱ्या टोकाला समोरच्या टीमची गोलकीपर आणि हा, दोघंच. त्या पोरीला काही काम नसायचं. ती खांबाला टेकून याच्याशी गप्पा मारायची. एकीने त्याला आपल्या कुत्र्याच्या ऑपरेशनची साग्रसंगीत हकिगत सांगितली होती.

"अरे, इकडे येऊन बस ना," मी एकदा म्हटलं. "तिकडे एकटा काय करतोस?"

"बॉल येणार आहे तिकडे. मी जागा धरून बसलोय."

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा असतो, तोच त्याच्या चेहऱ्यावर होता.

तो आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचा. मूळचा नागपूरचा, लग्न केलेलं नाही, एका सरकारी खात्यात कॉन्ट्रॅक्टवर आयटीचं काम. सकाळी ऑफिसला जाताना लाइट रेलला, म्हणजे इथल्या ट्रॅमला, आम्ही बरोबर असायचो. ओळख नवी होती तेव्हा एका सोमवारी तो तोंड पाडून म्हणाला, "आपण हरलो." मला वाटलं क्रिकेट. मी सहानुभूतीने विचारलं, "कुणाशी रे?" तर त्याने इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा गावाचं नाव घेतलं. त्या गावाच्या शेजारच्या गावाचा फुटबॉल क्लब म्हणजे याचं 'आपण'. क्लबचं नाव मी इथे देत नाही, कारण दिलं तरी तुम्ही ऐकलेलं नसणार.

तरुणपणी तो या क्लबच्या गावात शिकायला होता. भाड्याच्या खोलीची मागची खिडकी क्लबच्या मैदानावर उघडायची आणि हा तिथून फुकट मॅच बघायचा. एका शनिवारी मैदान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने खालून आवाज दिला, की वरून काय बघतोस, खाली ये आणि चहाच्या टपरीवर हात लाव. हा गेला. "परक्या गावात पहिल्यांदा कुणीतरी मला हाक मारली होती," असं त्याने मला सांगितलं, आणि लगेच तो चहा किती पांचट असायचा या विषयावर घसरला.

टीव्हीवर दिसतात ते श्रीमंत क्लब वेगळे. त्यांच्या खाली पायऱ्या उतरत जातात आणि अगदी तळाशी असे गावोगावचे क्लब असतात. गोलकीपर आठवडाभर टपाल वाटतो, सेंटर फॉरवर्डचं मटणाचं दुकान असतं. चांगलं खेळलं की एक पायरी वर, वाईट खेळलं की एक खाली. याचा क्लब बहुधा खालीच जायचा. पण त्याचं वाक्य ठरलेलं: "जिना आहे गं, विहीर नाही." माझं प्रमोशन हुकलं तेव्हाही त्याने हेच ऐकवलं होतं. त्या दिवशी मला त्याच्या डोक्यात थर्मास घालावासा वाटला.

बाजू बदलायची रीत तिथलीच. अशा मैदानांवर प्रेक्षकांना अडवायला कुंपणं नसतात. हाफटाइमला दोन्ही गावचे लोक आपापल्या गोलमागून उठतात आणि समोरच्या टोकाला जातात. वाटेत गाठ पडते, टोमणे मारले जातात, एखादा दुसऱ्याच्या पोराबाळांची चौकशीही करतो. ही रीत त्याने इमानाने गुंगालिनला आणली. फक्त इथे चालणारा तो एकटाच होता.

मुलींच्या टीमला मॅनेजर हवा होता आणि आम्ही सगळे पालक एकदम बुटांच्या नाड्या बांधायला वाकलो, तेव्हा मैत्रेयीने याचं नाव सुचवलं. झालं, आला. जर्सी धुणं, कोण कुणाच्या गाडीतून येणार हे ठरवणं, हाफटाइमला संत्री कापून आणणं. संत्र्यांशी त्याचं वैर होतं. "ही काय संत्री म्हणायची? सोलायला सुतार लागतो," असं म्हणत तो फोडी वाटायचा. टीममध्ये चिनी, लेबनीज, पंजाबी, गोऱ्या अशा सगळ्या मुली. मैत्रेयी 'काका' म्हणते म्हणजे तेच त्याचं नाव, असं समजून सगळ्या त्याला काका म्हणायच्या. एका मुलीच्या आजीनेसुद्धा त्याला 'मिस्टर काका' अशी हाक मारली होती.

सीझन अर्ध्यावर आला तरी आमच्या खात्यात एक गोल नव्हता. मग गळती लागली. एकीला पोहणं आठवलं, एकीला पियानो. एका शनिवारी जेमतेम सात जणी आल्या. त्याहून कमी झाल्या तर टीम बंद करावी लागणार होती. त्या दिवशी गाडीत मैत्रेयी म्हणाली, "मम्मा, आय वॉन्ट टू क्विट. व्हॉट्स द पॉइंट?"

मी त्याला सांगितलं, की पोरींवर कशाला जबरदस्ती, देऊ सोडून. तो पहिल्यांदाच माझ्यावर चिडला.

"मध्येच सोडलं ना, की सगळे निकाल पुसून टाकतात. म्हणजे या पोरी इतक्या थंडीत धावल्याच नाहीत, असं होतं. हरू दे त्यांना. पण खेळल्या हे राहिलं पाहिजे. आणि एक गोल होणार आहे. मला तो बघायचाय."

पुढच्या शनिवारी हाफटाइमला त्याने संत्री वाटली आणि मुलींना भोवती बसवून आपल्या क्लबचा इतिहास सांगायला सुरुवात केली. मी कपाळाला हात लावला. पण काय सांगायचा तो! कीर्तनकाराने तोंडात बोट घालावं. वीटभट्टीच्या कामगारांनी क्लब काढला इथपासून आरंभ. मैदान असं उतरतं, की बॉल सोडला तर आपोआप कोपऱ्यात जायचा. मेंढ्या हाकलल्याशिवाय मॅच सुरू व्हायची नाही. लाकडी स्टँड जळाला तेव्हा लोकांनी घरातल्या खुर्च्या आणून मांडल्या. मग एका वर्षी नशीब फळफळलं आणि एक बडा क्लब कपच्या मॅचसाठी त्या गावात आला. गाव मैदानात लोटलं, जागा मिळाली नाही ते झाडांवर. शेवटचं मिनिट, पेनल्टी. गोलमध्ये आपला पोस्टमन. समोरून देशातला नावाजलेला खेळाडू धावत येतोय, त्याने पाय उचललाय...

"चला, बाजू बदलली!" म्हणून हा खुर्ची काखेत मारून चालता झाला.

मुलींनी आरडाओरडा केला. पण शिटी झाली होती.

पुढच्या शनिवारी दहा जणी हजर. पियानोवाली परत आली. एकीला ताप होता, तरी ती बापाच्या गाडीत बसून, काच खाली करून ऐकत होती. पोस्टमनने पेनल्टी अडवली हे कळल्यावर अशा नाचल्या, की समोरच्या टीमला वाटलं आम्हीच काहीतरी जिंकलो. आठवड्याला एक प्रकरण. पुढे ते मैदान विकलं गेलं, तिथे सुपरमार्केट आलं. "जिथे पेनल्टी अडवली तिथे आता फ्रोजन मटारचा फ्रीझर आहे," असं तो म्हणाला तेव्हा मुलीच काय, आम्ही मोठी माणसंही हळहळलो. हो, आम्हीही ब्लँकेटांसकट जवळ सरकलो होतो. क्लब मग शेजारच्या गावात भाडेकरू म्हणून खेळू लागला. मध्यंतरी जूनअखेरीला याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि ते वाढवलं नाही. त्याने मला फक्त "जिना आहे" एवढंच सांगितलं आणि संत्री घेऊन आला.

एका शनिवारी मात्र तो संत्री विसरला. मुली भोवती बसल्या आणि हा नुसता थर्मासच्या झाकणाशी चाळा करत राहिला.

"काका, व्हॉट हॅपन्ड नेक्स्ट?"

"बंद झाला," तो म्हणाला. "परवाच. क्लब बंद झाला."

गोष्ट आजच्या दिवसापर्यंत येऊन ठेपली होती. भाडं थकलं म्हणून मैदानाच्या मालकाने फाटकाला कुलूप लावलं होतं. इतका हसरा माणूस, पण त्या दिवशी बाजू बदलायला उठला तो खुर्ची तिथेच विसरून. मैत्रेयी ती घेऊन त्याच्या मागे धावली. मला तेव्हा त्याचं फार वाईट वाटलं.

दोन आठवड्यांनी, आता लाइट रेलने कुठे जायचं नव्हतं तरी, तो सकाळी स्टॉपवर येऊन उभा होता, मला सांगायला. गावातल्या लोकांनी क्लब पुन्हा उभा केला होता. सगळ्यात खालच्या पायरीवरून, सार्वजनिक बागेतल्या मैदानावर. पहिली मॅच ऑगस्टअखेरच्या शनिवारी.

"मग जा की!" मी म्हटलं. "पर्थची नवी नोकरी मिळालीच आहे, ती सप्टेंबरात सुरू होतेय, तोवर मोकळाच आहेस."

"त्याच शनिवारी आपली शेवटची मॅच आहे. आणि गोल व्हायचाय अजून."

त्याचं ठरलं होतं, तो जाणार नव्हता. मीच आगाऊपणा करून मुलींना सांगितलं. त्या जाम भडकल्या. मैत्रेयी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, यू हॅव टू गो! अदरवाइज हाऊ विल वी नो द एंडिंग?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी फितूर झाले होते. मग गेला. जाताना खुर्ची आमच्या गॅरेजमध्ये ठेवून गेला.

शेवटच्या शनिवारी मुलींनी आल्या आल्या ती खुर्ची नेऊन समोरच्या गोलमागे मांडली. रेफरीने विचारलं ही कुणाची, तर सगळ्या एका सुरात, "काकाज!" पहिल्या हाफमध्ये आम्ही तीन गोल खाल्ले. हाफटाइमला गोष्ट नव्हती. संत्री मी कापली होती, वेडीवाकडी. दोघी जणी खुर्ची उचलून दुसऱ्या टोकाला निघाल्या. मी उठले, ब्लँकेट खांद्यावर टाकलं आणि त्यांच्यामागे चालू लागले. मागे वळून बघते तर पियानोवालीचे आईबाप, तापवालीचा बाप, ती आजीसुद्धा. सगळी वरात आपापल्या खुर्च्या घेऊन.

आणि बॉल आला! कसा आला ते मला नीट सांगता येणार नाही. मैत्रेयीने कोपऱ्यातून लाथ मारली, मग पायांचं जंगल झालं आणि बॉल पियानोवालीच्या गुडघ्याला लागून आत गेला. ती स्वतः तेव्हा दुसरीकडेच बघत होती. मग मुली धावत सुटल्या. आम्ही हात पसरून उभे होतो, पण आमच्याकडे एकही आली नाही. सगळ्या त्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन कोसळल्या आणि तिचा एक पाय मोडला. मी रडले. थंडीने डोळ्यांतून पाणी येतंय, असं शेजारच्या आजीला सांगितलं. तिच्याही डोळ्यांतून येत होतं.

मॅच आम्ही हरलो. मी फोन काढून त्याला मेसेज करायला लागले, तर मैत्रेयीने फोनच हिसकावला. "नोबडी टेल्स काका!"

रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. तिकडे सकाळ असणार, मागे कपबश्यांचा आवाज येत होता. मैत्रेयीने स्पीकर लावला.

"काय झालं गं काल?"

"आधी तुझ्या क्लबचं सांग," मी म्हटलं.

"सांगतो. तर बाग अशी उतरती..."

"नको, मी आधी!" मैत्रेयी ओरडली. आणि मग घरात एरवी प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी माझी लेक मराठीत सांगू लागली. अडखळत, लिंग-वचनाची वाट लावत, पण सुरुवातीपासून. गवतावरचं दव, रेफरी, खुर्ची, माझी वेडीवाकडी संत्री, आजीसकट निघालेली वरात. ती कोपऱ्यात बॉल ठेवण्यापर्यंत आली, दोन पावलं मागे सरकली, पाय उचलला आणि थांबली.

"चला, बाजू बदलली!"

मग त्याचा आवाज आला, हसू दाबलेला.

"बरं. मी जागा धरून बसतो."